शेवटचा एक इंच

कापड सपाट असते. माणसाचे शरीर सपाट नसते. शिवणकामातील बहुतेक अडचणी आणि बहुतेक युक्त्या या एका गोष्टीतून जन्माला येतात. चादर, पडदा किंवा उशीचा अभ्रा शिवताना हा प्रश्न पडत नाही. सरळ कापावे, सरळ टीप मारावी, काम संपले. परंतु ब्लाउज शिवायला घेतला की पहिल्याच दिवशी सपाट कापडाला उंचसखलपणा कसा द्यावा, या कोड्याशी गाठ पडते. त्याचे उत्तर म्हणजे टक्स. कापडाला ठरावीक जागी चिमटीत धरून पाचरीसारखी घडी घालायची आणि त्या घडीवर टीप मारायची. ही घडी एका बाजूला रुंद असते आणि निमुळती होत दुसऱ्या बाजूला शून्यावर येते. जेथे ती शून्यावर येते, तेथून पुढे कापडाला गोलाई मिळते.

हे समजून घेण्यासाठी कागदाची एक गोल चकती पुरेशी आहे. कडेपासून मध्यापर्यंत एक काप द्यावा आणि कापाच्या दोन कडा एकमेकींवर सरकवाव्यात. चकतीचा द्रोण होतो. जितक्या जास्त सरकवाव्यात तितका द्रोण खोल. काप कोणत्याही दिशेने दिला तरी द्रोण तोच. म्हणूनच ब्लाउजचा टक्स कंबरेतून घेता येतो, बगलेतून घेता येतो, मुंढ्यातून किंवा हूकपट्टीच्या बाजूनेही घेता येतो. 'फोरटक्स' ब्लाउजमध्ये तर एकाच मोठ्या टक्सचा भार चौघांत वाटून दिलेला असतो. चेंडूसारखा पृष्ठभाग ताणल्या-आखडल्याशिवाय सपाट करता येत नाही, हे जर्मन गणिती कार्ल फ्रेडरिक गाउस याने १८२७ साली सिद्ध केले. पृथ्वीचा नकाशा कागदावर काढताना जी अडचण येते, तीच उलट्या बाजूने शिंप्याला येते. गाउसचे नावही न ऐकलेले कितीतरी कारागीर खडू आणि कात्री हाती घेऊन हे गणित रोज सोडवत आले आहेत.

सांगलीतील एका गृहिणीने वयाच्या ५७ व्या वर्षी ही विद्या शिकायला घेतली. घरचे भुसारी मालाचे दुकान, त्याचा रोजमेळ तीस वर्षे तिने लिहिलेला. बेरजेत एका पैशाचा फरक आला तरी रात्री झोप न लागणारी ती बाई. मुले मार्गाला लागली, दुकान संगणकावर गेले आणि दुपारचे दोन तास मोकळे झाले. घराजवळच्या शिवणवर्गात तिने नाव घातले तेव्हा घरच्यांना वाटले, वेळ घालवण्याचा हा एक मार्ग असेल. वर्गातल्या बाकीच्या मुली तिच्या लेकीच्या वयाच्या. कोणाला व्यवसाय करायचा होता, कोणाला सरकारी प्रमाणपत्र हवे होते. वर्गाच्या बाईंनी विचारले, "काकू, तुम्हाला काय काय शिकायचंय?" तिने उत्तर दिले, "फक्त ब्लाउज. आणि तोही एकाच मापाचा."

त्या एका मापामागे कारण होते. तिच्या थोरल्या बहिणीवर, म्हणजे अक्कावर, त्या वर्षीच्या माघात मिरजेला शस्त्रक्रिया झाली होती. डाव्या बाजूचा स्तन काढावा लागला. उपचार वेळेवर झाले, डॉक्टरांनी धीर दिला, अक्का बरी होऊन घरी आली. मात्र तिचे जुने ब्लाउज तिला होईनात. डावीकडे कापड पोकळ फुगून राही, गळा एका बाजूला ओढला जाई आणि उरलेल्या बाजूच्या वजनाने खांदा खाली येई. नव्या ब्लाउजसाठी माप द्यायला ती तयार नव्हती. शिंप्याच्या दुकानात चार माणसांसमोर उभे राहणे तर दूरच, ओळखीच्या शिवणाऱ्या बाईसमोरही नको. भर चैत्रात ती अंगावर शाल घेऊन बसू लागली. मार्गशीर्षात तिच्या नातीचे लग्न ठरले होते. "मी घरूनच अक्षता टाकीन," एवढेच बोलून तिने तो विषय बंद केला होता. घरातली पहिली नात, आणि आजी मांडवात नाही, ही कल्पनाच धाकटीला सहन होईना. तिने कोणाला काही सांगितले नाही. माळ्यावर ठेवलेली पायाची मशीन खाली काढून घेतली आणि तिला तेल घातले.

पहिला महिना केवळ टक्स घालण्यात गेला. बाईंचा नियम कडक होता. मांजरपाटाच्या तुकड्यांवर पन्नास टक्स झाल्याशिवाय ब्लाउजला हात लावायचा नाही. चार इंच लांब, दीड इंच रुंद असा टक्स खडूने आखायचा, मधोमध घडी घालायची, टाचण्या लावायच्या आणि शिवायचे. पहिल्याच दिवशी धाकटीने दीड इंचाची खूण पाहून घडीपासून दीड इंचावर टीप सुरू केली. बाईंनी तुकडा उलगडून तिच्यासमोर पट्टी ठेवली. कापड घडीत दुहेरी असते. म्हणून दीड इंचाच्या टक्ससाठी टीप घडीपासून पाऊण इंचावरच सुरू व्हायला हवी. तिने एका टक्समध्ये ३ इंच खर्च केले होते. असे दोन टक्स म्हणजे ब्लाउजच्या घेरातून ३ इंच नाहक गेले. इतक्या फरकाने ब्लाउज अंगात शिरतही नाही. दुहेरी नोंद आयुष्यभर सांभाळलेल्या बाईला ही चूक फार लागली, पण पुन्हा कधी झाली नाही.

दुसरी चूक मात्र बरेच दिवस पिच्छा पुरवीत राहिली. टक्स रुंद बाजूकडून शिवत टोकाकडे जायचे असते. सुरुवातीचे तीन इंच कोणालाही जमतात. खरी परीक्षा शेवटच्या एका इंचात असते. नवशिक्याचा हात तेथे घाबरतो. टोक जवळ आले की तो टीप एकदम घडीकडे वळवून मोकळा होतो. अशा टक्सच्या टोकाशी कापड बोंडासारखे उठून दिसते, भोवती चुण्या पडतात, आणि कितीही इस्त्री केली तरी ते बसत नाही. बाई सांगत, "टोकाला घाई करायची नाही. शेवटचे तीन-चार टाके घडीच्या अगदी कडेवरून, एका दोऱ्याच्या अंतराने गेले पाहिजेत. टाका बारीक करा, आणि कापड संपलं तरी मशीन दोन टाके पुढं चालू द्या." टोकाशी मागे-पुढे टीप मारून गाठ पक्की करण्याचा मोह होतो, तोही टाळायचा, कारण त्याने तेथे गोळा तयार होतो. दोऱ्याची दोन टोके लांब सोडून हाताने गाठ बांधायची, बस्स.

इस्त्रीचेही शास्त्र आहे. टक्स आधी शिवला तसाच बंद ठेवून दाबायचा, मग उलगडून एका बाजूला बसवायचा. उभा टक्स मध्याकडे, आडवा टक्स खाली. सपाट पाटावर इस्त्री केली तर मिळवलेली गोलाई पुन्हा चेपून जाते. म्हणून टॉवेलची घट्ट गुंडाळी करून तिच्यावर टोक बसवायचे. घडीखाली कागदाची पट्टी सरकवली तर तिचा वळ कापडाच्या सुलट बाजूवर उमटत नाही. शिवाय टक्सचे टोक छातीच्या उंच बिंदूवर नेऊन टेकवायचे नाही. अर्धा ते एक इंच अलीकडे थांबायचे. शरीराची गोलाई टोकासारखी नसते, ती हळूहळू उतरते. त्या उतारासाठी तेवढी मोकळी जागा सोडावी लागते.

श्रावण संपता संपता पन्नासच्या जागी सत्तर टक्स झाले होते. वर्गात झारापकर पद्धतीने आकृती आखणे सुरू झाले. छाती, कंबर, शोल्डर, मुंढा, दंडघेर हे शब्द तिच्या वहीत पूर्वीच्या जमा-नावेच्या शिस्तीने उतरू लागले. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला या व्यवसायात 'माया' म्हणतात, हे तिला नव्याने कळले. अंग भरले तर शिवण उसवून ब्लाउज मोठा करता यावा म्हणून ती माया. ज्या कोणी हे नाव प्रथम दिले, त्याला माणसे कळत असली पाहिजेत.

भाद्रपदात तिने अक्कासाठी पहिला ब्लाउज शिवला. माप मागायचे धाडस झाले नाही. अक्काचा एक जुना ब्लाउज गुपचूप आणून त्यावरून बेतला. डाव्या बाजूला आतून अस्तराचा कप्पा केला आणि त्यात मऊ कापूस भरला. दोन्ही बाजूंचे टक्स एकमेकांचे प्रतिबिंब असल्यासारखे झाले होते. तिने ब्लाउज अक्कापुढे ठेवला तेव्हा तिचा ऊर भरून आला होता.

अक्का आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. आली ती पुन्हा शाल घेऊनच. ब्लाउजची नीट घडी करून तिने तो धाकटीच्या हातात दिला.

"हा कुणाचा गं?"

"तुझाच की अक्का."

"माझा नाही. माझ्या जुन्या अंगाचा आहे. ते आता नाही."

धाकटीच्या तोंडून शब्द फुटेना. अक्काच पुढे म्हणाली, "तू एवढे कष्ट घेतलेस, मला दिसतंय. पण कापूस भरून मला पहिल्यासारखी करू नकोस. शिवायचं असेल तर आहे त्या अंगाला शिव."

दुसऱ्या दिवशी वर्गात धाकटीने प्रथमच सारी हकिगत सांगितली. बाई क्षणभर थांबल्या. मग त्या म्हणाल्या, "आतून कप्पा करून घेणाऱ्या पुष्कळ जणी असतात, त्यांना त्यानं बरं वाटतं, आणि त्यात गैर काहीच नाही. पण ते ज्याचं त्यानं ठरवायचं. तुम्ही त्यांना विचारलं होतं का?" तिने मान हलवली. "मग चूक टक्सची नाही, काकू. माप न घेता कात्री लावलीत, ही चूक आहे."

तीस वर्षे तिने हिशेब ठेवला होता. मोजल्याशिवाय एक पोते कधी आत घेतले नव्हते की बाहेर सोडले नव्हते. बहिणीच्या बाबतीत मात्र तिने सारे अंदाजाने धरले होते. अक्काला काय हवे असेल, ती कशाने लाजत असेल, कशाने सुखावेल, हे सगळे तिने मनातल्या मनात मांडले होते आणि अक्काच्या नावावर टाकले होते.

त्या संध्याकाळी ती फक्त मापाची पट्टी आणि वही घेऊन गेली. "अक्का, माप घेऊ दे. तू सांगशील तसंच शिवीन." अक्का पुष्कळ वेळ खिडकीबाहेर पाहत राहिली. मग तिने उठून दाराला कडी घातली आणि शाल उतरवून खुर्चीवर ठेवली. शस्त्रक्रियेनंतर सात महिन्यांत डॉक्टर आणि परिचारिका यांच्याखेरीज कोणीही ती जखम पाहिली नव्हती. धाकटीचे हात थरथरत होते, अक्काचे नव्हते. तिने स्वतःच पट्टीचे एक टोक खांद्यावर धरून ठेवले. खांद्यापासून खालपर्यंत उजवीकडे साडेचौदा इंच, डावीकडे तेरा. मध्यापासून बगलेपर्यंत उजवीकडे पावणेदहा, डावीकडे आठ. काखेतील गाठी काढल्यामुळे डावा हात कधी कधी सुजत असे. त्याचा दंडघेर पाऊण इंचाने जास्त भरला. धाकटी एकेक आकडा मोठ्याने म्हणत लिहीत गेली. वहीच्या पानावर प्रथमच उजवी आणि डावी असे दोन रकाने पडले. आकडे लिहून होईपर्यंत दोघींच्या डोळ्यांतले पाणी वाळले होते, आणि अक्का विचारत होती, "बाही कोपरापर्यंत घेशील ना? डावी जरा सैल ठेव."

आता आखणी नव्याने करावी लागली. ज्या बाजूला उंचवटा नाही, तिला टक्सचे कारणच नाही. नुसता टक्स न शिवता सोडून दिला तर ते कापड झोळासारखे लोंबते. म्हणून त्या बाजूची रुंदी आणि लांबी दोन्ही कमी करून पुढचा भाग पाठीसारखा सपाट आखावा लागतो. उजव्या बाजूला चार टक्स, डाव्या बाजूला एकही नाही. व्रणावर शिवण घासू नये म्हणून डावीकडे आतून मऊ सुती अस्तर घ्यायचे आणि शिवण बगलेकडे सरकवायची. डावा मुंढा अर्ध्या इंचाने मोकळा ठेवायचा. हात फार वर न उचलता घालता यावा म्हणून हूक पुढेच ठेवायचे.

मांजरपाटाचा नमुना शिवून झाला आणि हूक लावताना घोटाळा उघड झाला. डावी पट्टी उजवीपेक्षा अर्धा इंच लांब उतरली होती. तिने कागदावर दोन्ही बाजूंची पुढची लांबी काळजीपूर्वक सारखी केली होती, मग फरक आला कोठून? दोन तास उसवाउसव झाल्यावर उलगडा झाला. उजवीकडे हूकपट्टीच्या बाजूने एक टक्स होता आणि त्याने शिवल्यावर अर्धा इंच खाल्ला होता. डावीकडे खाणारा कोणी नव्हताच. तुलना करायची ती टक्स शिवल्यानंतरच्या लांबीशी. खर्च वजा न करता शिल्लक जुळवू पाहणाऱ्या कारकुनाला तिने दुकानात उभे केले नसते. ती एकटीच हसली आणि पुन्हा आखायला बसली.

लग्नासाठी अक्काने कापड काढून दिले ते त्यांच्या आईचा खण. गुळेदगुडचा, काठाला रेशीम असलेला, पेटीत वर्षानुवर्षे जपलेला. आईच्या पिढीत त्याची चोळी झाली असती. चोळीला टक्स नसत. लहान लहान तुकड्यांच्या जोडणीतून आणि पुढच्या गाठीतून ती अंगाला बसत असे. पुढे पोलके आले, ब्लाउज आला. सनदी सेवेतील पहिले भारतीय सत्येंद्रनाथ टागोर यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली, तेव्हा त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी यांनी पारशी स्त्रियांची साडीची धाटणी पाहून ती आपल्या पद्धतीने स्वीकारली आणि ब्लाउजसह बंगालमध्ये रूढ केली. बाईमाणसाच्या एवढ्याशा वस्त्राने दीडशे वर्षांत कितीतरी वळणे घेतली आहेत. बदललेल्या अंगासाठी त्याने आणखी एक घेतले तर त्यात नवल ते काय!

खण एकच होता. रेशमात सुईचे भोक राहते. उसवून पुन्हा शिवण्याची सोय नाही. धाकटीने त्या दिवशी दुपारी दुकानातून येणारा फोनही घेतला नाही. उजवीकडचे टक्स आधी कच्च्या धाग्याने घातले, अक्काच्या अंगावर पाहिले, मग मशीनवर घेतले. पहिल्या टक्सचे तीन इंच सुरळीत झाले. शेवटच्या इंचाला तिने पायाची गती कमी केली आणि चाक हाताने फिरवू लागली. एक टाका, आणखी एक टाका, घडीच्या कडेकडेने, आणि मग कापड संपले, दोरा मोकळा झाला. तिने गाठ बांधली. उलगडून पाहिले तर टोक कोठे संपले ते बोटाला लागत नव्हते.

मार्गशीर्षात मांडवात अक्का पुढच्या रांगेत बसली होती. शाल नव्हती. डावी बाजू सपाट होती आणि ती सपाट दिसत होती. ते लपवायचा प्रयत्न ब्लाउजने केला नव्हता. परंतु कोठे चुणी नव्हती, झोळ नव्हता, गळा कोठे ओढला जात नव्हता. कोणाची नजर क्षणभर थबकली असेलही. बहुतेक बायकांनी मात्र खणाकडे पाहिले आणि असा खण हल्ली कोठे मिळतो म्हणून विचारले. नात पाया पडायला वाकली तेव्हा अक्काने दोन्ही हातांनी तिला उठवून छातीशी धरले.

लग्नानंतर महिनाभराने धाकटीकडे एक फोन आला. मिरजेच्या इस्पितळात अक्काच्या शेजारच्या खाटेवर असलेली बाई होती, कवठेमहांकाळकडची. तिलाही तसाच ब्लाउज हवा होता. पण माप देण्याचे नाव काढले की ती गप्प होई. धाकटीने अक्काला विचारले, आता काय करावे?

अक्का तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, "रविवारी जाऊ. पट्टीचं एक टोक मी धरते. आणि आधी तिला विचार, तिला कसा हवाय ते."